रॅम, म्हणजे एडका

मी इंग्रजी शिकलो ते तिशी ओलांडल्यावर, आणि तेही कापसापायी. आमचं गाव युसूफ वडगावापासून चार कोसांवर, निजाम सरकारच्या मुलखात. दफ्तर उर्दूत, घरचा हिशेब मोडीत, आणि कापूस मात्र गाडीनं न्यायचा बार्शीला, इंग्रजांच्या हद्दीत. तिथल्या काट्यावरची अक्षरं इंग्रजी, गठ्ठ्यांवरचे शिक्के इंग्रजी. वजन किती भरलं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं मला कधी पटलं नाही. म्हणून बार्शीतल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून इंग्रजी-मराठी कोश घेतला आणि रोज कडबा टाकून झाल्यावर एकेक शब्द घेऊन बसू लागलो. एका शब्दाचे सगळे अर्थ पाठ झाल्याशिवाय दुसरा शब्द घ्यायचा नाही, असा माझा नेम होता. त्यामुळं प्रगती फार हळू झाली, पण जे आलं ते पक्कं आलं.

त्या कोशात शब्द आडव्या रेघांनी तोडून छापलेले होते. ओळ संपली आणि शब्द उरला तर तो कुठं मोडायचा हे कळावं म्हणून. कापडावर खडूनं खुणा करून ठेवाव्यात तशा त्या रेघा. मला त्या आवडायच्या, कारण मोठा शब्द तुकड्यातुकड्यानं तोंडात बसायचा. काही शब्द मात्र मोडतच नाहीत. ‘रॅम’ हा त्यातला. अक्षरं तीन आणि तोडायला जागा नाही.

पहिला अर्थ दिला होता एडका, न बडवलेला, म्हणजे खच्ची न केलेला. पुढं मेष रास. पुढं किल्ल्याचा दरवाजा फोडायचा ओंडका, ज्याच्या तोंडाला लोखंड बसवतात. पुढं जमीन चोपायचं धुम्मस. पुढं क्रियापद म्हणून बंदुकीत दारू ठासणे, खुंट ठोकून बसवणे, जाऊन धडकणे. ठासायच्या गजालाही हाच शब्द लागतो, त्यापुढं रेघ देऊन दुसरा शब्द जोडतात. दरवाजा फोडायच्या ओंडक्याला आधी दुसरा शब्द आणि मग रेघ. मी हे सगळं मोठ्यानं म्हणत होतो तेव्हा बायको दाणे निवडत होती. ती म्हणाली, “अवो, एका शब्दाला एवढी कामं? साहेब लोकांकडं शब्दांचा दुष्काळ पडलाय का काय?” मी म्हणालो की कामं वेगळी दिसतात, पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, डोकं खाली घालून मार देणं. ती म्हणाली, तेवढं शिकायला बार्शीला कशाला जायला पाहिजे, देशमुखाच्या वाड्यापुढं उभं राहिलं तरी दिसतं.

ती बोलली ते उगाच नव्हतं. त्याच हंगामात देशमुखाच्या माणसांनी आमच्या धनगराला मारलं होतं.

हा धनगर दर साल सुगी झाली की आपली मेंढरं घेऊन यायचा. शेतात मेंढरं बसवली की लेंड्या-मुताचं खत होतं, त्याबद्दल आम्ही त्याला ज्वारी द्यायचो. माझ्या वडलांच्या वेळेपासून त्याच्या मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, आमच्या रानात पडत आलेला. वयानं तो माझ्याहून मोठा, मी त्याला मामा म्हणायचो, तो मला भाऊ म्हणायचा. त्याची दोन मेंढरं देशमुखाच्या हरभऱ्यात गेली आणि त्यापायी चौघांनी त्याला बांधावर पाडून काठ्यांनी झोडपलं. त्यानं हात उचलला नाही. फक्त एवढंच म्हणाला की चारा खाल्लाय तेवढं खत टाकून जातो. त्यावर आणखी दोन बसल्या.

त्याच्याकडं टकरीचा एक एडका होता. मी तो एकदा कापसाच्या काट्यावर चढवला होता, दोन मणांना चार शेर कमी भरला. शिंगं दोन वेढ्यांची, कपाळ माझ्या पंज्याएवढं. टकरीचा एडका कसा तयार करतात हे मामानं मला दाखवलं होतं. कोकरू असतानाच त्याच्यासमोर वाकायचं, डोकं खाली करायचं आणि मागं मागं सरकायचं. मग थांबायचं आणि गोणपाटाची गादी पुढं धरायची. ते धावत येऊन गादीला टक्कर देतं, की मूठभर भिजवलेले हरभरे. दोन एडके भिडतात तेव्हाही असंच करतात. एकमेकांकडं बघत, डोकं खाली ठेवून मागं जातात, आणि तिथून सुटतात. मागं सरणं म्हणजे हार नव्हे, ते आव्हान असतं. पाठ फिरवली की हार. पाठ फिरवलेल्याला चांगला एडका कधी मारत नाही.

त्या थंडीत एक अंमलदार दौऱ्यावर आले आणि गावाबाहेरच्या आमराईत त्यांचा तंबू पडला. इथं एक कुणबी इंग्रजी वाचतो असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, म्हणून मला बोलावणं आलं. दुपारची वेळ होती. ते खुर्चीवर, बाजूला देशमुख उभा, आणि देशमुखाची सात-आठ माणसं झाडांखाली. अंमलदारांनी उर्दूत विचारलं, सध्या कोणता शब्द चाललाय. मी खरं ते सांगितलं. त्यांना हसू आलं. मग त्यांनी किल्ल्याच्या दरवाजाच्या ओंडक्याचा विषय काढला आणि म्हणाले, तो शब्द सलग लिहितात. मी म्हणालो, हुजूर, माझ्या कोशात मध्ये रेघ आहे. ते म्हणाले, रेघ नाही. मी म्हणालो, मी छापलेलं बघितलं तेवढंच सांगतो. देशमुखानं माझ्याकडं असं बघितलं, की आता तोंड आवर. पण अंमलदारांना वादात मजा वाटत होती. ते म्हणाले, “अच्छा, रेघ राहू दे. इथं असा एडका आहे का, की ज्याला बघून त्या ओंडक्याला हे नाव का दिलं ते समजावं?”

देशमुखाकडं स्वतःचा एडका होता. आपल्या एडक्याचं कौतुक दाखवायची संधी त्यानं सोडली नाही. धनगराकडंही एक बरा जोड आहे, म्हणाला, आत्ता बोलावतो.

मामा एडका घेऊन आला. त्याच्या भुवईवर अजून त्या माराची खपली होती. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, आजारी आहे म्हणून सांगावं. तो म्हणाला, “बोलावल्यावर न्हाई म्हणायची सोय कुठं हाय, भाऊ?”

टक्कर फार वेळ चालली नाही. देशमुखाचा एडका दिसायला मोठा, पण बसून खाल्लेला. दोघे मागं गेले आणि सुटले. पहिल्या टकरीचा आवाज कुऱ्हाड वाळल्या बाभळीवर बसावी तसा आला. तिसऱ्या टकरीला देशमुखाच्या एडक्याचं एक शिंग मुळापासून हललं आणि रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं. तरी तो मागं सरला. पाठ फिरवली असती तर वाचला असता. पुढच्या टकरीला त्याची मान मोडली. पुढचे पाय दुमडले, तोंड मातीत घुसलं, मागचे पाय मात्र बराच वेळ झाडत राहिले. देशमुखाच्या माणसानं सुरा आणून त्याला मोकळं केलं.

अंमलदार खुश झाले. जिंकलेला एडका जवळ आणा म्हणाले. मामानं तो खुर्चीपाशी नेला. अंमलदारांनी शिंगाचे वेढे बोटांनी चाचपून बघावेत म्हणून त्यानं दोर सैल सोडला. एवढ्यात देशमुख जेवणाची व्यवस्था बघायला जायची परवानगी मागू लागला. ती मिळाली. अशा माणसापुढून निघताना आमच्याकडं पाठ दाखवत नाहीत. देशमुख कमरेत वाकला, डोकं खाली केलं, उजवा हात कपाळाला नेला आणि सलाम करत करत मागं सरकू लागला.

मला ते दिसलं आणि कळेपर्यंत होऊन गेलं. दोर मामाच्या हातातून सळ्ळकन निघाला. एडका देशमुखाच्या कपाळाला नेलेल्या हातावर आणि तोंडावर आदळला. मनगट मोडल्याचं मी ऐकलं. देशमुख उलटा पडला. नाकाचं हाड चेपलेलं, पुढचे दात ओठातून बाहेर आलेले. एडका आणखी एकदा मागं सरला होता, पण मामानं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला आणि तो जागीच थांबला.

त्या आवाजानंच मामाचा घात केला. देशमुखाची माणसं म्हणू लागली की बघा, याच्या इशाऱ्यावर चालतो. मारल्याचा डूख धरून यानंच सोडला. त्यांनी मामाला पाडलं. कुणी काठीनं, कुणी बैलाच्या कासऱ्यानं, एकजण जोड्यानं तोंडावर. मामा सांगत होता की मी सोडला न्हाई, पण तोंडात रक्त भरल्यावर शब्द फुटेनात. देशमुखाला झोळीत घालून वाड्याकडं नेलं, तेव्हा त्याचा कारभारी अंमलदारांपुढं हात जोडून उभा राहिला. धनगराला चाबकाचे पंचवीस कोरडे आणि एडका सरकारच्या भटारखान्याला, एवढंच मागणं होतं त्याचं. पंचवीस कोरड्यांनी धडधाकट गडी उठत नाही, आणि मामाच्या अंगावर आधीच दोन वेळचा मार होता. हे सगळ्यांना कळत होतं.

मी पुढं झालो. एडका मागं सरणाऱ्यावर का जातो, त्याला कसं शिकवतात, पाठ दाखवली तर तो का मारत नाही, हे मी जसं माहीत होतं तसं सांगितलं. देशमुखांनी सलाम केला तो एडक्याला आव्हान वाटला, यात माणसाचा हात नाही.

अंमलदारांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, “सिद्ध कर.”

मी म्हणालो, मी उभा राहतो आणि मागं सरतो. कारभारी लगेच मध्ये पडला. “दुसऱ्या कुणावर बी हा इशारा करून सोडंल की, हुजूर. सोडता येतो म्हणूनच तर हे झालंय. याला म्हणावं, स्वतःवर जाऊ दे. आपल्याच अंगावर कोण सोडतंय?”

बोलणं चोख होतं. अंमलदारांना ते आवडलं. त्यांनी ठरवून टाकलं की धनगरानं स्वतः वाकून मागं सरायचं. एडका त्याच्यावर गेला तर त्याचं खरं, दोघेही सुटले. नाही गेला तर कोरडे, आणि एडका कापायचा.

मामाला उठवून उभं केलं. काय करायचं ते मी त्याला सांगितलं. त्यानं तोंडातलं रक्त थुंकलं आणि एडक्याकडं बघितलं. म्हणाला, “मला न्हाई मारायचा तो, भाऊ. माझ्या हातनं खातो.”

तसंच झालं. मामा वाकला, सलाम केला, मागं सरकला. एडका सावकाश चालत त्याच्याकडं गेला, त्याच्या मांडीला कपाळ घासलं आणि हरभऱ्यासाठी ओंजळ हुंगू लागला. देशमुखाची माणसं हसली. एकजण म्हणाला, “लाड करतंय बे, मुका घे त्याचा.” कोरडेवाल्यानं धोतराचा सोगा खोचला.

मामानं अंमलदारांकडं हात जोडले आणि आणखी एक खेप मागितली. ती मिळाल्यावर तो माझ्याकडं आला. “तुमची बंडी अन् उपरणं द्या,” म्हणाला.

मी विचारलं, “कावून?”

“माझा वास मोडाया पायजे.”

त्यानं घोंगडी टाकली. डोकीचं पागोटं उतरवलं. माझी बंडी चढवली, तिला सरकीचा आणि तेलाचा वास होता. आमराईतल्या चुलीची राख घेऊन पायांना, हातांना फासली. उपरणं डोक्यावरून घेऊन तोंडाभोवती घट्ट गुंडाळलं, नुसते डोळे उघडे. तोंड कशाला बांधता म्हणून मी विचारलं तर म्हणाला, ऐनवेळी जीभ वाजली तर तो थांबंल. मी त्याला म्हणालो, टक्कर छातीवर घेऊ नका, अंग चोरा. त्यानं उपरण्याची गाठ आवळली.

कारभाऱ्यानं हरकत घेतली की हे सोंग कशाला. अंमलदार म्हणाले, देशमुखांच्या अंगाला तरी धनगराचा वास कुठं होता. त्यांनी एडक्याचा दोर माझ्या हाती द्यायला लावला आणि त्यांची हाक ऐकली की मी तो सोडायचा असं ठरलं.

मामा खुर्चीपुढं उभा राहिला. वाकला. डोकं इतकं खाली घातलं की उपरण्याचं टोक जमिनीला लागलं. मग मागं सरकू लागला, पाय न उचलता, घासत घासत, एडके जातात तसा. एडक्याचे कान उभे झाले. त्यानं वरचा ओठ वर केला आणि हवा हुंगली. हाक आली, मी दोर सोडला. एडकाही मागं सरकू लागला. मला वाटलं, ओळखलं असावं. पण तो सुटला तेव्हा एक डोळा मिटून उघडेपर्यंत मधलं अंतर संपलं होतं.

मामानं शेवटच्या क्षणी डोकं वर केलं, ते मुद्दाम की भीतीनं ते मी सांगू शकत नाही. टक्कर छातीवर बसली, उजव्या बाजूला. मोळीतली काटकं एकदम मोडावीत तसा आवाज. मामा दोन्ही पायांवरून उचलला गेला आणि पाठीवर आपटला. उपरणं लाल झालं.

एडका पुन्हा मागं सरला. त्याला थांबवणारा आवाज ज्याच्याकडं होता त्याच्या छातीत वारा उरला नव्हता, आणि तोंडही बांधलेलं. मी धावलो आणि दोर पकडला. त्यानं मला तसंच फरफटत नेलं. मग मी शिंगाला हात घातला, माझी करंगळी शिंगाच्या वेढ्यात सापडली आणि उलट्या बाजूला मोडली. ती अजून तशीच आहे, पैसे मोजताना आड येते. मी पडलो तो एडक्याच्या पायांत, त्यामुळं तोही अडखळून गुडघ्यावर आला. तेवढ्यात तिघांनी त्याला दाबला.

अंमलदार म्हणाले, “सच बोला.” धनगराला सोडा, एडका त्याचा त्याला द्या. कारभारी काही बोलू लागला, तर त्याला गप्प केलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले की त्या आडव्या रेघेचं आपण हैदराबादला गेल्यावर बघू. आणि चहा मागवला. त्यांनी शब्द पाळला एवढं मात्र मी मान्य करतो. पाळला नसता तर तिथं विचारणारं कुणी नव्हतं.

मामाला त्याच्याच घोंगडीत घालून आम्ही माझ्या घरी आणलं. देशमुखाच्या दोन माणसांनीही घोंगडीचे कोपरे धरले होते, त्यात जोड्यानं मारणारा एक होता. हाडवैद्यानं छाती दाबून बघितली, तीन बरगड्या मोडल्यात म्हणाला, पट्ट्या आवळल्या आणि सांगितलं की रक्त थुंकायचं थांबलं तर जगेल. एडका ओट्यासमोरच्या खुंट्याला बांधला. तो हरभऱ्यासाठी ओरडत होता.

मामी रानातल्या वाड्यावर होती. निरोप मिळाला तशी चालत आली. तिनं खाटेवरच्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या बायकोनं तिला पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. कुणी मारलं, विचारलं. मी देशमुखाच्या माणसांचं सांगू लागलो तर म्हणाली, ते न्हाई, छाती कुणी फोडली ते सांगा. मी खुंट्याकडं बोट केलं.

ती उठली. दाराआडची माझी वखराची काठी घेतली आणि अंगणात जाऊन एडक्याला मारायला सुरुवात केली. पाठीवर, मानेवर, तोंडावर. नुसता काठीचा आवाज. एडका आधी आमच्याकडं बघत राहिला, मग डोकं खाली घालून मार खाऊ लागला. दोर लांब होता. मी ओरडणार होतो की मामी, मागं सरू नका. पण ती मागं सरत नव्हती. पुढंच जात होती.

खाटेवरून मामा फाटक्या आवाजात बोलला. दोनदा बोलला तेव्हा कळलं.

“पायावर मारू नगंस. परवा वडवणीच्या वाटंला लागायचंय. चालाया पायजे त्याला.”

तिनं काठी टाकली. थोडा वेळ तिथंच उभी राहिली, मग ओट्यावर येऊन मामाच्या उशाशी बसली आणि बायकोला म्हणाली, आता पाणी द्या. अर्धं ती प्यायली. उरलेलं घेऊन खुंट्याकडं गेली.

तिसऱ्या दिवशी ते निघाले. मी म्हणालो, माझ्या रानात राहा, कुणी बोलणार नाही. मामा म्हणाला, तुमच्या रानाला देशमुखाची शीव लागते. त्याला घोडीवर बसवून पोटाशी घोंगडीनं बांधला होता. एडका मामीच्या हातात होता. गावाच्या वेशीबाहेर जाईपर्यंत देशमुखाची माणसं पारावर बसून बघत होती, आणि एकानंही तोंड उघडलं नाही.